उरलेलं घेऊन या

डॉ. सुमन कांदळगावकर. हे नाव मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण माझ्या दवाखान्याच्या दारावर आज माझ्या नावाची जी पाटी आहे, तिच्यामागं आईवडिलांच्या खालोखाल कोणाचा हात असेल तर तो या बाईंचा आहे.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील आटपाडीच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करायचे. पोरगा जनावरांचा डॉक्टर झाला म्हणून त्यांनी गल्लीत पेढे वाटले. पण तो मुंबईला राहून कुत्रीमांजरं तपासणार हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. "दूध देत न्हाई, लोकर देत न्हाई, त्याला औषध कशाला?" असं त्यांनी मला विचारलं होतं. त्याचं उत्तर मला बाईंकडं राहिल्यावर हळूहळू सापडत गेलं.

बाईंचा दवाखाना लालबागला, मसाल्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. शेजारी मिरची कांडायची गिरण. उन्हाळ्यात घरोघरचा वर्षाचा मसाला तिथं कुटला जायचा, तेव्हा आमच्या टेबलावरचं प्रत्येक जनावर शिंकायचं. नवीन मालक घाबरायचा. "सर्दी झालीय का हो बाई?" बाई म्हणायच्या, "नाही, नाक शाबूत आहे. एक तपासणी फुकटात झाली."

दारावरच्या पाटीत त्यांचं आडनाव मावलं नव्हतं. रंगाऱ्यानं 'डॉ. सुमन कांदळ' एका ओळीत आणि 'गावकर' खालच्या ओळीत लिहिलं होतं, तेही जरा जास्तच अंतर सोडून. त्यामुळं अर्ध्या लालबागची समजूत होती की इथं दोन डॉक्टर बसतात. "ते गावकर डॉक्टर कधी येतात?" असं कोणी विचारलं की बाई गंभीरपणे सांगायच्या, "ते फार कडक आहेत. तुमचं माझ्यावर भागतंय तोवर भागवून घ्या."

वय पासष्टीच्या पुढं. सुती साडी, त्यावर मोठ्या खिशांचा ॲप्रन, पायांत कॅनव्हासचे बूट. मालकांशी शुद्ध, पुस्तकात छापावं असं मराठी बोलायच्या आणि जनावरांशी फक्त मालवणी. टेबलावर कुत्रा चढवला की त्याच्या कानाशी वाकून, "काय रे झिला, खंय गेल्लंस? काय खाल्लंस मेल्या?" कुत्रा सांगणारच आहे अशा बेतानं त्या थोडा वेळ थांबायच्याही.

मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा दादरच्या एक बाई लॅब्रॅडोर घेऊन आल्या होत्या आणि भराभर इंग्रजीत बोलत होत्या. माझं शिक्षण सगळं मराठी शाळेतलं. कॉलेजात इंग्रजी पुस्तकं वाचून पास झालो होतो, पण समोरचं माणूस इंग्रजीत बोलू लागलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. मी भिंतीला लागून उभा होतो. कांदळगावकर बाईंनी माझ्याकडं बोट केलं. "हे आमचे डॉक्टर. कुत्रा यांच्याकडे द्या." मला तोवर कोणी डॉक्टर म्हटलं नव्हतं. मी मागं वळून पाहिलं, मागं भिंतच होती.

नंतर आत हात धुताना त्या म्हणाल्या, "अरे, तिचं इंग्रजी राहू दे तिच्यापाशी. कुत्र्याचं पोट कुठल्या भाषेत दुखतंय ते बघ."

त्या दिवसापासून शेवटपर्यंत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. डॉक्टरच म्हणायच्या. अर्थात अरेतुरेमध्ये. "डॉक्टर, हात धुतलेस का?" "डॉक्टर, तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय, मांजर खेळतंय त्याच्याशी."

बाईंचा खरा लौकिक होता तो कुत्र्यांनी खाल्लेल्या भलत्यासलत्या प्राण्यांबद्दल. गिरगावपासून नायगाववडाळ्यापर्यंत कोणाच्या कुत्र्यानं बेडूक चावला, पाल गिळली, मेलेला उंदीर पळवला की फोन बाईंना. आणि बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं: "उरलेलं घेऊन या."

त्यांचं म्हणणं असं की माणूस घाबरला की त्याला पाल मगरीएवढी दिसते. म्हणून त्याच्या वर्णनावर जायचं नाही. जे खाल्लं त्याचा उरलेला भाग डब्यात घालून आणायचा. तुकडा असो, शेपूट असो. काहीच हाती लागलं नाही तर जागेचा फोटो. लोकही आणायचे. फराळाच्या डब्यातून, आइस्क्रीमच्या खोक्यातून. माहीमच्या एका घरातून पालीची शेपटी दागिन्यांच्या मखमली डबीत आली होती, खाली कापूस घालून. बाईंनी डबी उघडली, बंद केली आणि त्या गृहस्थांना म्हणाल्या, "शेपटी पालीनं स्वतःच टाकलीय. बाकीची पाल तुमच्याच भिंतीवर असेल, घरी जाऊन बघा."

"पण बाई, पाल विषारी..."

"घरातली पाल विषारी नसते. आमच्या आजीनं दुधाचं पातेलं ओतलं होतं पालीपायी, तेव्हापासून ऐकतेय. पोट बिघडेल, उलटी होईल, त्याहून जास्त काही झालं तर मला फोन करा. आणि ही डबी घेऊन जा, सौभाग्यवती शोधत असतील."

ती डबी गेली. बाकीचे डबे मात्र कोणी परत न्यायचं नाही. बेडूक ठेवलेला डबा घरात कोण घेणार? बाईंनी एका फळीवर त्यांची रांग लावली होती. घासून, उकळत्या पाण्यातून काढून. कोणात कापूस, कोणात सुया, एकात आलेपाक. नवीन माणसाला आलेपाक देताना त्या डब्याचा इतिहास आधी सांगायच्या आणि मग डबा पुढं करायच्या.

बेडकाच्या फोनवर त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. "तोंड खाली करा! खाली! पाणी बाजूनं सोडा, घशात नको. आत गेलेलं बाहेर वाहून आलं पाहिजे. ओल्या फडक्यानं हिरड्या पुसा, जीभ पुसा, फडकं धुवा, परत पुसा. तुमचे हात नंतर साबणानं धुवा, डोळ्याला लावू नका. मीठ नको. दूध नको. तूप नको. चिंचेचं पाणी नको. नाही, कोकमाचंही नको! उलटी करवू नका. हो, आजोबा म्हणत असतील, आजोबांना सांगा बाई ओरडतायत. फेस थांबत नसेल, झोकांड्या खात असेल, तर तोंड धुतल्याबरोबर उचला आणि इथं आणा."

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळायच्या. "डॉक्टर, लोक घाबरले की कुत्र्याच्या तोंडात स्वयंपाकघर ओततात."

त्या नुसत्या दवाखान्यात बसून राहणाऱ्या नव्हत्या. दादरच्या एका सोसायटीत एका कुत्र्यानं झिंगत चाललेला उंदीर खाल्ला. कुत्रा मजेत, शेपूट हलवतोय. मालक म्हणाला, काही झालेलं दिसत नाही, जातो. बाईंनी त्याला दारातून परत बोलावलं. उंदराला घातलेलं औषध कुत्र्याच्या पोटात गेलं, तर काही औषधांचा परिणाम लगेच दिसत नाही. चार दिवस कुत्रा हसतखेळत असतो आणि मग आतल्या आत रक्त वाहायला लागतं. कुठलं औषध घातलं ते कळलं तर पुढचं सोपं. सोसायटीचे सेक्रेटरी ते सांगेनात. उगाच आपल्यावर येईल अशी त्यांना भीती. बाई टॅक्सी करून तिथं गेल्या, वॉचमनची खुर्ची मागून घेतली आणि गेटात बसल्या. मी शेजारी उभा. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला त्या गोडपणे सांगायच्या, "सेक्रेटरीसाहेब एक पाकीट आणून देतायत, त्याची वाट बघतेय." चहाच्या वेळेपर्यंत निम्मी सोसायटी गेटात जमली आणि सेक्रेटरी स्वतः उंदराच्या औषधाचं पाकीट घेऊन खाली आले. बाईंनी त्यांचे मनापासून आभार मानले. रस्त्यात मी विचारलं, "बाई, रागावला नाहीत?" तर म्हणाल्या, "रागावले असते तर पाकीट मिळालं असतं का?"

आता आबांची गोष्ट सांगतो. बाई म्हणजे काय हे मला त्या एका दिवसात कळलं.

आबा नायगावचे. कापडगिरणी बंद पडेपर्यंत तिथंच कामाला होते. त्यांची चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहत होता, म्हणून मुलगा, सून आणि आबा जवळच भाड्याच्या घरात राहत होते. बायको वारल्यावर आबांना सोबत होती ती एका तांबड्या गावठी कुत्र्याची. त्याचं नाव शेठ. "बसून खातो, वर माझ्यावरच डाफरतो, मग दुसरं काय नाव ठेवणार?" असं आबा सांगायचे. नव्या घरमालकाला कुत्रा नको होता. कशीबशी परवानगी मिळाली होती. त्यातच एकदा समुद्रकाठी काहीतरी कुजकं खाऊन शेठ आजारी पडला आणि घरभर घाण झाली. तेव्हा सुनेनं, वैशालीनं, साफ सांगून टाकलं होतं: पुन्हा समुद्रावर नेलात तर शेठ राजापूरला गावी. आबा तेव्हापासून शेठला सकाळी मारुतीच्या देवळात न्यायचे. निदान घरी तसं सांगायचे.

श्रावणातली सकाळ होती. टॅक्सीतून आबा आणि वैशाली उतरले. शेठ आबांच्या हातांत होता आणि त्याचे मागचे पाय लोंबत होते.

"बाई, बेडूक खाल्लान," आबा म्हणाले. "देवळाच्या आवारात. नळाजवळ."

बाईंनी शेठला टेबलावर घेतलं. "उरलेलं?"

आबा गडबडले. ते जुने गिऱ्हाईक, त्यांना नियम माहीत होता. "ऱ्हायलं बाई तिथंच. आणतो." फळीवरचा एक डबा उचलून ते जवळजवळ पळतच बाहेर गेले.

बाई शेठच्या हिरड्या बघत होत्या. "डॉक्टर, बघ. काय दिसतंय?"

मी म्हणालो, "फेस नाही."

"हं. हिरड्या लाल नाहीत. फडफड नाही, छातीतली धावाधाव नाही. बेडकाचं काहीच नाही. हा नुसता ढिला पडत चाललाय, मागून पुढं." मग वैशालीकडं न बघता त्यांनी विचारलं, "दार लोटून घे गं. कुठं नेतात हे याला?"

वैशालीनं दार लोटलं. ती बँकेत कामाला, निघायच्या तयारीतच होती, खांद्याला पर्स तशीच. ती एकदम हळू आवाजात बोलू लागली.

"बाई, ते देवळात जातच नाहीत. शिवडीला जातात, धक्क्यावर. त्यांचा गिरणीतला जोडीदार राहतो तिथं. श्रावण आहे ना, आमच्याकडं मासे बंद. सासूबाईंनी लावलेला नियम. आबा सगळ्या बिल्डिंगला सांगतात, आपण कधी मोडला नाही म्हणून. आणि तिकडं बसून रोज बोंबील खातात. शर्ट मी धुते, मला वास येत नाही का?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तेवढीच एक मजा राहिलीय त्यांची. आणि शेठला मी कुठं पाठवतेय गावी? नुसती धमकी देते, म्हणजे जरा लक्ष ठेवतील त्याच्यावर. पण बाई, मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका. लाजेनं जायचेच बंद होतील."

बाईंनी मान डोलावली. तेवढ्यात आबा परतले. घामाघूम. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि बाजूला झाले.

बाईंनी वैशालीला चिठ्ठी दिली. "कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून हे घेऊन ये, पटकन." ती गेली. बाईंनी डब्याचं झाकण उघडलं.

आत एक बेडूक होता. जिवंत, गुबगुबीत, गळ्याची पिशवी हलवत शांत बसलेला. दवाखान्यामागच्या रोपांच्या नर्सरीतल्या कुंड्यांमधून पकडला असणार, कारण पाठीवर खताचा चुरा होता. त्यानं बाईंकडं पाहिलं. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं.

"आबा," बाई म्हणाल्या, "खाल्लेला बेडूक बराच धडधाकट आहे की."

आबांनी बाहीनं घाम पुसला. मला हसू येत होतं आणि ते येऊ नये असंही वाटत होतं, कारण टेबलावर शेठचे पुढचे पायही आता पसरायला लागले होते.

बाईंनी झाकण लावलं. मग मी त्यांना पहिल्यांदाच एका माणसाशी मालवणीत बोलताना ऐकलं. "आबानूं, सून भायर गेली हा. हंय मी आणि ह्यो डॉक्टर, दुसरा कोण नाय. खरां सांगा. काय खाल्ल्यान?"

आबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "शिवडेक गेल्लंय, बाई. जाळ्यातला केंड फेकलेला होता खडकार. मी जोडीदाराबरोबर गजालीत बसलंय आणि मेल्यान खाल्ल्यान. अर्धा ऱ्हवलेला तो मी पाण्यात फेकलंय, कोणी बघूक नको म्हणून." मग त्यांनी हातच जोडले. "सुनेक सांगू नको गे बाय. ती ह्याका गावाक धाडतली. माका दुसरा कोण हा?"

केंड म्हणजे डिवचला की फुग्यासारखा फुगणारा मासा. कोळी तो जाळ्यातून काढून फेकून देतात, कारण त्याच्या अंगात जबर विष असतं आणि त्या विषावर उतारा नाही. ते स्नायू बंद पाडत जातं. पाय, मग मान, मग छाती. बेडकाचे उपचार करत बसलो असतो तर आम्ही चुकीच्या दारावर धडका देत बसलो असतो. सुनेनं सांगितलं होतं समुद्र, आबांनी सांगितला मासा. दोन्ही अर्धे जुळले.

"उलटी करवायची?" मी विचारलं.

"आता नाही. गिळण्याची ताकद गेलीय, वर आलेलं फुप्फुसात जाईल. नळी घाल, डॉक्टर. त्याची छाती थांबली तर आपण चालवायची. विष उतरेपर्यंत. दुसरं काही हातात नाही."

शेठची छाती खरंच थांबत आली. मी घशात नळी घातली आणि तिला हातानं दाबायची रबरी पिशवी जोडली. दाबली की छाती वर, सोडली की खाली. वैशाली परत आली तेव्हा मी दाबतच होतो. बाईंनी दुसऱ्या नळीतून विष शोषणारी कोळशाची काळी पूड पोटात सोडली, सलाईन लावलं आणि सगळ्यांना नियम सांगितला.

"ऐका. हा झोपलेला दिसतोय, पण झोपलेला नाही. हलता येत नाही एवढंच. ऐकू सगळं येतंय. त्याच्यासमोर रडायचं नाही, मरणाचं बोलायचं नाही. चांगलं बोला त्याच्याशी."

माझे हात भरून आले तेव्हा वैशालीनं पर्स खाली ठेवली आणि पिशवी घेतली. बँकेत फोन करून तिनं सांगितलं, घरातलं माणूस आजारी आहे. मग आबांनी घेतली. दुपारभर असं चाललं. बाई मधूनमधून बाहेर जाऊन दुसरी जनावरं बघायच्या, परत यायच्या, शेठच्या डोळ्यांत थेंब टाकायच्या, कारण त्याला पापणीही मिटता येत नव्हती. शेजारची गिरण सुरू झाली, मिरचीचा ठसका आला, आम्ही सगळे शिंकलो. एकटा शेठ शिंकला नाही.

आबा पिशवी दाबत शेठशी बोलत होते. "ऊठ रे शेठ. किती आराम करशील? उद्या जाऊ हां आपण. लवकर जाऊ. तुझा तो दोस्त वाट बघत असेल तिकडं शिव..." आणि ते थांबले. वैशाली समोरच बसली होती. "...देवळात," त्यांनी वाक्य पुरं केलं.

वैशाली शेठच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "हो रे शेठ. आबा नेतील तुला देवळात."

बाई माझ्याकडं न बघता सलाईनची बाटली बघत होत्या. त्यांच्या ॲप्रनचा खिसा मात्र हलत होता. त्या हसू दाबायच्या तेव्हा हात खिशात घालून मूठ आवळायच्या.

उन्हं कलल्यावर पिशवी माझ्या हातात होती. मी दाबण्याआधीच छाती जराशी वर आली. मी हात थांबवला. पुन्हा आली. मी ओरडलोच, "बाई!" बाई आल्या, वाकल्या, स्टेथोस्कोप लावला. आबा मारुतीचं नाव घेत होते, ज्याच्या देवळात ते महिनाभर फिरकले नव्हते.

"घेतोय," बाई म्हणाल्या. "स्वतःचा घेतोय."

संध्याकाळी मिरचीच्या ठसक्यानं शेठ एकदाचा शिंकला. इतकी सुंदर शिंक मी आजवर ऐकलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ डुलत डुलत का होईना, चार पायांवर उभा राहिला. घरी जाताना वैशालीनं आबांसमोरच विचारलं. अगदी साधेपणानं विचारलं, पण मला वाटतं तिलाही गंमत वाटत होती. "शेवटी काय खाल्लं होतं हो यानं?"

आबा बाईंकडं बघत होते, मी आबांकडं बघत होतो.

बाई म्हणाल्या, "जे खाल्लं ते गेलं. यापुढं देवळात जाताना तोंडाला जाळी बांधत चला. तिथं काय काय पडलेलं असतं."

"बांधतो," आबा म्हणाले.

"मी आणते जाळी," वैशाली म्हणाली.

आणि दोघंही निघाले. आबांना बाईंनी दारातून परत बोलावलं आणि डबा हातात दिला. "हा पाहुणा कुंड्यांत सोडून या. रात्रभर ओलं फडकं घालून ठेवलाय, पण त्याचंही घर असेल." आबांनी डबा छातीशी धरून नेला.

ते गेल्यावर मी म्हणालो, "बाई, सुनेला शिवडीचं ठाऊकच आहे. सांगून टाकलं असतं तर दोघं मोकळे झाले असते."

बाई हात धूत होत्या. "डॉक्टर, मला कुत्र्याच्या पोटातलं हवं होतं, ते मिळालं. घरातलं त्यांचं त्यांच्यापाशी."

एवढंच. त्यावर त्यांनी कधी पुन्हा चर्चा केली नाही. पण तेव्हापासून मीही कोणी जनावर घेऊन आलं की घरच्यांना एकेक करून कामाला बाहेर पाठवतो. एकाला पाणी आणायला, एकाला पावती करायला. एकटा उरलेला माणूस हमखास काहीतरी सांगतो, जे सगळ्यांसमोर सांगितलं नसतं.

पुढं बाईंचे गुडघे दुखू लागले. त्यांनी दवाखाना बंद करून मालवणकडं आपल्या गावी जायचं ठरवलं. मी पुढं काय करायचं तेही त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. आटपाडीला जा म्हणाल्या, तिथंही कुत्री आहेत, मेंढक्यांची तर कामाची कुत्री आहेत, त्यांना कोण बघतं? वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. परवाच वडिलांनी स्वतः एका मेंढक्याला कुत्र्यासकट माझ्याकडं धाडलं आणि निरोप दिला, "माझ्या पोराकडं जा, आधी उरलेलं घेऊन जा."

आटपाडीला निघायच्या दिवशी मी पाया पडायला दवाखान्यात गेलो. बाई मोरीत होत्या. एका काळ्या पिल्लानं बेडूक चावला होता आणि बाई त्याचं तोंड खाली धरून नळीचं पाणी बाजूनं सोडत होत्या. फेस त्यांच्या बुटांवर पडत होता. मी वाकलो तर ओरडल्या, "पाया कसला पडतोस, फडकं दे!" मी फडकं दिलं. मग कोपरानं फळीकडं खूण केली. "तो पितळेचा डबा तुझा. त्यातला आलेपाक गाडीत खा. डबा रिकामा ठेवू नकोस." आणि पुन्हा पिल्लाच्या कानाशी, "थुक मेल्या, थुक. गिळू नको." मी दारातून पाहिलं तेव्हा त्यांची पाठच दिसत होती, आणि पिल्लाची शेपूट.

बेडकाचं काही नसेल तर बाई फोनवर चार शब्दांपलीकडं बोलत नाहीत, म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिलं. तेच इथं देतो.

*ती. बाईंना सा. न.*

*मी कामानिमित्त मुंबईला जाऊन आलो. लालबागला गेलो होतो. आपल्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मिरचीची गिरण आहे. मी बाहेर उभा राहून शिंकलो आणि मला बरं वाटलं.*

*नंतर नायगावला आबांकडं गेलो. ते लोक टॉवरमध्ये राहायला गेलेत, अठराव्या मजल्यावर. दार वैशालीनं उघडलं. भिंतीवर आबांचा फोटो होता, हार घातलेला. मला कोणी कळवलं नव्हतं, तुम्हालाही कळलं नसेल म्हणून लिहितो. थंडीत गेले. फार त्रास झाला नाही.*

*शेठ आहे. तोंड पांढरं झालंय. मला त्यानं ओळखलं की नाही सांगता येत नाही, पण माझे हात बराच वेळ हुंगत होता.*

*वैशालीनं चहा केला आणि सांगितलं की आबा शेवटपर्यंत 'देवळात' जात होते. जाळी बांधून. तीही शेवटपर्यंत काही बोलली नाही. श्रावणात त्यांचा शर्ट वेगळा भिजत घालायची, एवढंच. शेवटच्या आठवड्यात आबांनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "माझ्यामागं ह्याला देवळात नेत जा. सवय आहे त्याला." ती म्हणाली, "नेईन." मग आबा म्हणाले, "कुठलं देऊळ ते तुला ठाऊकच आहे."*

*बाई, आबांना माहीत होतं. तिला माहीत आहे, हे त्यांना कधीपासून माहीत होतं ते तिनं विचारलं नाही. मला वाटतं त्या दुपारपासूनच असावं, पिशवी दाबत होते तेव्हापासून.*

*आता दर रविवारी वैशाली शेठला शिवडीला घेऊन जाते. आबांचे ते जोडीदार अजून आहेत. ती धक्क्यावर बसते, शेठ जाळी बांधून वास घेत हिंडतो. घरी कोणी विचारलं तर ती देवळात गेले होते असं सांगते. नवऱ्यालाही तेच सांगते. हे मी तुम्हालाच लिहितोय. घरातलं त्यांचं त्यांच्यापाशी राहू द्या.*

*माझं बरं चाललंय. इथं केंड नाही, पण बेडूक पुष्कळ, आणि चिंचेचं पाणी घालणारे आजोबाही पुष्कळ. मी ओरडतो. तुमच्याइतका आवाज अजून लागत नाही. डबा तुम्ही सांगितल्याप्रमाणे रिकामा ठेवलेला नाही. नवीन माणसाला आलेपाक देतो, पण आधी डब्याचा इतिहास सांगतो.*

*गुडघ्यांना तेल लावत जा.*

*तुमचा,*
*डॉक्टर*